आवाज न करता ठेवणारी

पयलवान जड वस्तू खाली ठेवायची तेव्हा तिचा आवाज होत नसे. भरलेला हंडा असो, गॅसचा सिलिंडर असो, नाहीतर माझं तांदळाचं पिंप असो. उचलताना सगळ्या आळीला कळायचं, कारण ती भात्यासारखा श्वास घ्यायची. पण ठेवताना जमिनीलाही पत्ता लागत नसे. मी कौतुकाने विचारलं, तर म्हणाली, "आमच्यात भाताचं पोतं आपटत नाय, मावशी. अन्न हाय ते. एकदा माझ्या हातून पडलं, तं बाबा त्या दिशी जेवला नाय."

डोळखांबकडच्या एका पाड्यावरून ती शहापूरला कॉलेजला आली आणि माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहिली. आईबापांनी ठेवलेलं नाव सुंदर होतं, पण आळीने 'पयलवान' म्हटलं आणि तेच चिकटलं. शाळेत खेळाच्या सरांनी तिला वेटलिफ्टिंगचा नाद लावला होता. पुढे सरांची बदली झाली, वजनं अडकवायचा लोखंडी बार शाळेच्या अडगळीत गेला, आणि पोरगी लोखंडावाचून कासावीस झाली. "राज्याच्या टीममधी गेले तं नोकरी लागंल, मावशी. नायतर भातलावणी हायेच की."

तेव्हा मी पंचावन्न वर्षांची अल्लड बाई होते. मला वाटायचं, जगातली कुठलीही गोष्ट कल्याणला मिळते आणि कल्याण मला तळहातासारखं पाठ आहे. डोळ्यांवर गॉगल, खांद्याला पर्स, अशी मी तिला घेऊन निघाले, आणि स्टेशनबाहेर पडताच चुकीच्या दिशेने इतक्या ऐटीत चालत राहिले की पयलवानने बराच वेळ मला टोकलंच नाही. शेवटी हळूच म्हणाली, "मावशी, आपुन परत स्टेशनातच आलो."

पहिल्या जिममध्ये मी बोहारणीच्या थाटात विचारलं, "ऑलिम्पिकचं सामान आहे का?" काउंटरवरच्या मुलाने पयलवानकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "आंटी, वेट लॉस का पॅकेज है ना!" मी मेली पाघळले आणि सायकलवर जाऊन बसले. साडीचा काठ पेडलमध्ये अडकला, तो सोडवायला दोन ट्रेनर लागले. आत सगळीकडे आरसेच आरसे, त्यामुळे माझी फजिती मला चारी बाजूंनी पाहायला मिळाली. पयलवान तोंडाला ओढणी लावून हसत होती.

तिची एक सवय होती. जिमवाला "ऑलिम्पिक रॉड आहे" म्हणाला की ती न बोलता जवळ जायची आणि रॉडचं टोक बोटाने फिरवून पाहायची. खऱ्या बारची टोकं फिरतात. नाही फिरली तर झटक्याने उचलताना मनगटं पिळवटतात. ती मान हलवायची, "घट्ट हाय, मावशी." की आम्ही पुढच्या जिमला. कुठे टोक फिरायचं, तर लाकडी प्लॅटफॉर्म नसायचा. कुठे जागा ऐसपैस असायची, तर भिंतीवर पाटी: 'वजन आपटू नये.'

टोक फिरणारा बार एका पहिल्या मजल्यावर सापडला. मालक तयार होईना. "खाली दातांचा डॉक्टर आहे, ताई. वर बार आपटला की खाली पेशंट बोंबलतो." पयलवान म्हणाली, "मी आपटत नाय." तिने बार डोक्यावर नेला आणि मूल पाळण्यात ठेवावं तसा जमिनीवर ठेवला. मालक बघतच राहिला. "अशी ठेवणार असशील तर रोज ये." मी छाती फुगवून म्हणाले, "वळण आहे आमच्या पोरीला!"

दोन वर्षं ती तिथे गेली. पहाटे भाकरी बांधून निघायची, कॉलेजच्या वेळेला परत. खालच्या डॉक्टरला वर कोणी वजन उचलतं हे कळलंही नसेल.

ठाण्याला राज्याच्या टीमसाठी निवड होती. तिथे मी पहिल्यांदा लाकडी प्लॅटफॉर्म आणि रबरी चकत्या पाहिल्या. पोरी बार उचलायच्या आणि सरळ वरून सोडून द्यायच्या. धप्प! मी दर वेळी दचकायचे. पयलवानचे पहिले दोन प्रयत्न असे झाले की शेजारची बाई मला म्हणाली, "तुमची का हो?" मी म्हटलं, "माझीच."

तिसऱ्या वेळी बार डोक्यावर गेला आणि मागे झुकला. पंच ओरडले, प्रशिक्षक ओरडले, "सोड! सोड!" तिने सोडला नाही. तोल जात असताना ती तो सावकाश खाली आणायला गेली. बारचा आवाज झाला नाही. कोपराचा झाला, तो मला मागच्या रांगेत ऐकू आला.

तिथले एक म्हातारे प्रशिक्षक हाताला पट्टी बांधताना विचारत होते, "टाकायला कुणी शिकवलं नाही का गं हिला? ते आधी शिकवतात, उचलणं नंतर. कुठे करायची ही?" मी दातांच्या डॉक्टरच्या वरच्या जिमचं नाव सांगितलं. त्यांनी पट्टीची गाठ मारली. येताना ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सोड म्हनलेलं ऐकलं मी, मावशी. हातांनी नाय ऐकलं."

कोपर भाकरी थापण्यापुरतं बरं झालं, बार उचलण्यापुरतं नाही. पुढे ती लग्न होऊन टोकावड्याला गेली. नवऱ्याबरोबर रस्त्यावर ढाबा चालवते, दर हंगामाला मला तांदूळ आणून देते.

आता आमच्या आळीच्या टोकाला, एका पत्र्याच्या शेडमध्ये खरीखुरी वेटलिफ्टिंगची जागा झाली आहे. संध्याकाळभर धप्प, धप्प! कपाटातली भांडी वाजतात. शेजारी तक्रारीचा अर्ज घेऊन सही मागायला आले. मी म्हटलं, "मला हल्ली ऐकूच येत नाही हो." शेजारीण चिडून म्हणाली, "आजी, काल तर माझ्या घरातलं भांडण शब्दन्‌शब्द ऐकलंत!"

मागच्या खेपेला पयलवान आली, तेव्हा आम्ही चहा पीत होतो. धप्प झालं. तिचा कप ओठांपाशीच थांबला.

"काय गो पडलं?"

"पोरी आहेत. बार टाकतायत."

परत धप्प झालं. ती मान वाकडी करून ऐकत राहिली, आळीत कोणी ओळखीचं बोलत असल्यासारखी. "मोकळ्या हातानं टाकतायत," ती म्हणाली. "बरं हाय."

मग तिने रिकामा कप बशीत ठेवला. मी समोरच बसले होते, तरी मला आवाज आला नाही.