बांबूत भाजलेलं मीठ बघायला ओडनवाल्डच्या डोंगरात

जायचं ठरलं ते भांडणातून, हे आधीच सांगते. लोक हौसेने सहलीला निघतात. आम्ही निकाल लावायला निघालो होतो.

मी नागपूरला शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. हे वीज मंडळातून निवृत्त झाले. सध्या तीन महिन्यांसाठी आम्ही मुलीकडे, प्रज्ञाकडे, स्टुटगार्टला आहोत. ती इथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. विमानात बसण्याआधी डॉक्टरांनी ह्यांचं बीपी पाहून बजावलं होतं की मीठ कमी करा, नाहीतर मूत्रपिंडांवर परिणाम होईल. तेव्हापासून ह्यांचं मीठ मी काट्यावर मोजते. दिवसाचे तीन ग्रॅम सकाळी एका डबीत काढायचे, त्याबाहेर चिमूटही नाही. ह्यांची भाजी वेगळ्या पातेल्यात, वरण वेगळं, लोणचं-पापड बंद. सुरुवातीला बीपी थोडं उतरलं, मग पुन्हा चढलं ते उतरेना. मला यंत्राचा संशय आला म्हणून दुसरं यंत्र आणलं. दोन्ही यंत्रांचं एकमत झालं.

त्याच सुमारास प्रज्ञाच्या ऑफिसातला एक कोरियन सहकारी जेवायला आला आणि भेट म्हणून बांबू-मिठाची बरणी देऊन गेला. जांभळट करड्या रंगाचे खडे, उकडलेल्या अंड्यासारखा वास. हे मीठ हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंनी शोधलं अशी तिकडची परंपरा सांगते, एवढं त्याने बोलता बोलता सांगितलं. ह्यांना तेवढं पुरे झालं.

"आपल्या भिक्खूंनी शोधलेलं आहे. हे मीठ नव्हे, औषध आहे," हे म्हणाले.

"सोडियम क्लोराइडला दीक्षा दिली म्हणून ते बदलत नाही," मी म्हटलं.

"तुझं सगळं परीक्षानळीतच."

शेवटी तडजोड झाली. दात घासायला वापरा, जेवणात नाही. आम्ही दोघंही लहानपणी मीठ आणि कोळशाच्या पुडीनेच दात घासत होतो, त्यामुळे त्यात मला वावगं वाटलं नाही. बरणी बेसिनवर गेली. महिन्याभराने हे पुन्हा हट्टाला पेटले की साधं मीठ पूर्ण बंद करा आणि हेच घाला, न मोजता. प्रज्ञाने कंटाळून इंटरनेटवर शोधलं. नेकार नदीकाठच्या ओडनवाल्ड डोंगरात एक कोरियन बाई स्वतः हे मीठ भाजते आणि महिन्यातून एका शनिवारी लोकांना दाखवते, असं निघालं.

"आल्झो, तर मग तुम्ही दोघं तिलाच विचारा," प्रज्ञा म्हणाली. "ती म्हणाली औषध आहे, तर आई गप्प बसेल. ती म्हणाली मीठ आहे, तर बाबा बंद करतील."

दोघांनी मान्य केलं. मला निकालाची खात्री होती. ह्यांनाही होती.

आता रस्त्याचं सांगते, कारण कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल. तिघं असाल तर राज्याचं एका दिवसाचं तिकीट काढा. त्यावर साध्या गाड्या, एस-बान म्हणजे इथली लोकल, बस सगळं चालतं, आणि माणसं वाढली की माणशी स्वस्त पडतं. जलद गाड्यांना ते चालत नाही, चुकून चढू नका. स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनावर अजून बांधकामाचा पसारा आहे. एस-बानमधून उतरून वरच्या फलाटापर्यंत बरंच चालावं लागतं. ह्यांच्या पायांना सूज होती, म्हणून मी वीस मिनिटं हाताशी ठेवली आणि ती सगळी लागली.

हाइलब्रॉनला गाडी बदलली. तिथून पुढे डावीकडे बसा, नदी त्या बाजूला आहे. उतारावर द्राक्षांचे मळे पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेले, वर एखादा किल्ला, खाली संथ चालणारी मालवाहू बोट. या भागात जमिनीखाली मिठाच्या खाणी आहेत. मी ह्यांना म्हटलं, "बघा, इथे गावाखाली मीठ आहे. हिवाळ्यात ते रस्त्यावर टाकतात, बर्फ वितळायला."

"ते रस्त्याचं. हे बांबूतलं," हे खिडकीबाहेर बघत म्हणाले.

एबरबाखला उतरलो. टुमदार गाव आहे, नदीकाठी बाक आहेत, स्टेशनजवळ बेकरी आहे. पण तिथून वरच्या खेड्यात जायला शनिवारी नेहमीची बस नाही. रूफटॅक्सी असते, म्हणजे बसच्या वेळेला बसच्या थांब्यावर येणारी टॅक्सी. ती तासभर आधी फोन करून सांगितलं तरच येते. न सांगता थांब्यावर उभे राहिलात तर उभेच राहाल. प्रज्ञाने गाडीतूनच फोन केला होता.

"मीठवालीकडे का?" ड्रायव्हरने विचारलं. प्रज्ञा आमच्यासाठी मराठीत सांगत होती. "वास येतो तिच्याकडून. पण माझी बायको त्या मिठाने गुळण्या करते. घशाला बरं वाटतं म्हणते."

ह्यांनी मला कोपराने ढोसलं.

"गुळण्या म्हणाला तो," मी म्हटलं. "गुळणी थुंकायची असते."

ह्यांनी एकदम मान वळवून खिडकीची काच खाली केली. मला वाटलं, हरले म्हणून.

मीठवाली बाई, फ्राऊ म्हणजे श्रीमती किम, सत्तरीच्या पुढच्या. ठेंगण्या, ताठ, रबरी बूट घातलेल्या. विशीत असताना नर्स म्हणून त्या जर्मनीत आल्या. त्या काळी कोरियातून पुष्कळ मुली आल्या होत्या. निवृत्त होईपर्यंत हॉस्पिटलातच काम केलं. नवरा इथलाच होता, तो आता नाही. घर त्याचं, भट्टी यांची. शेडच्या दारावर प्लास्टिकमध्ये घालून एक सरकारी कागद खिळ्याने ठोकला होता.

"धुराची परवानगी," त्या म्हणाल्या. "ऑर्डनुंग्सआम्टचा, म्हणजे पालिकेचा, माणूस तीनदा आला. तिसऱ्यांदा मीठ घेऊन गेला."

माणशी चाळीस युरो, त्यात दुपारचं जेवण. आमच्याखेरीज मानहाइमहून आलेलं एक जर्मन जोडपं होतं, तेवढेच.

काम असं चालतं. बांबूची एक बाजू गाठीच्या जरा खाली कापायची, म्हणजे गाठ हाच तळ होतो. त्यात कोरियाच्या समुद्राचं जाड मीठ काठीने ठासून भरायचं. तोंड पिवळ्या मातीने लिंपायचं. अशा नळ्या लोखंडी भट्टीत उभ्या रचून खाली पाइनची लाकडं पेटवायची. बांबू जळून राख होतो आणि आत मिठाचा पांढुरका खांब उभा राहतो. तो फोडायचा, कुटायचा, पुन्हा नव्या बांबूत भरायचा. असं आठ वेळा. नवव्या वेळी पाइनचा डिंक टाकून आच एवढी वाढवतात की मीठ वितळून वाहतं आणि गार झाल्यावर त्याचा दगड होतो. जांभळा रंग आणि गंधकाचा वास तेव्हा येतो. फ्राऊ किम स्वतः तीनदाच भाजतात. नऊ वेळचं त्यांचा भाऊ कोरियाहून पाठवतो, आणि एवढ्या खटाटोपामुळे ते फार महाग असतं.

"बांबू कुठून आणता?" मी विचारलं.

"शेजाऱ्याच्या बागेतून. त्याने एक रोप लावलं होतं. आता तो मला हात जोडतो, या आणि कापून न्या म्हणतो."

मला बाई आवडल्या. हात चालू असताना त्या बोलत नसत आणि बोलताना फापटपसारा नसे. ह्यांनीही दोन नळ्या ठासून भरल्या. वीज मंडळातल्या माणसाला हाताचं काम दिलं की तो खूश. भट्टी पेटल्यावर आम्ही बाकांवर बसलो आणि फ्राऊ किमनी विचारलं, घरी हे मीठ कोण कसं वापरतं?

मानहाइमची बाई म्हणाली, उकडलेल्या अंड्यावर. तिचा नवरा म्हणाला, दाढीनंतर पाण्यात घालून तोंडाला. फ्राऊ किम मान डोलवत होत्या. कोरियात किमचीत, म्हणजे तिकडच्या कोबीच्या लोणच्यात, घालतात, साबणात घालतात, दात घासतात, असं त्यांनी सांगितलं.

मग हे बोलले. इंग्रजीत, सावकाश, अभिमानाने. "एक चमचा कोमट पाण्यात. सकाळी आणि संध्याकाळी. मी पितो. महिना झाला."

मला ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला. दात घासायच्या निमित्ताने हे बेसिनपाशी दार लावून उभे राहत आणि मी बाहेर काट्यावर तीन ग्रॅम मोजत असे. दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅमच्या वर. बीपी का उतरत नव्हतं, हे दोन यंत्रांनी सांगूनही मला कळलं नव्हतं.

फ्राऊ किम उठल्या, घरात गेल्या आणि बीपीचं यंत्र घेऊन आल्या. जुनं, हाताने फुगवायचं. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. त्यांनी ह्यांना पाठ टेकून बसवलं, पायावरच्या सुजेत अंगठा दाबून पाहिला, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं. थोडं उतरलं होतं.

"छातीत दुखतं? डोकं? डोळ्यांपुढे काही?" नाही, नाही, नाही.

"आजपासून ते पाणी बंद. तुमच्या गोळ्या चालू ठेवा. आजच्या आज तुमच्या डॉक्टरला सांगा, सगळं सांगा."

"पण हे औषध आहे ना?" ह्यांनी विचारलं. आवाज उतरलेला होता.

"माझी आई पोटदुखीला द्यायची. नखावर मावेल एवढं," फ्राऊ किम म्हणाल्या. "मी सदतीस वर्षं नर्स होते. हे मीठ आहे. चांगलं मीठ आहे, पण मीठ आहे."

निकाल लागला. मी जिंकले होते.

"दोन महिने मी वेगळ्या पातेल्यातलं खातोय," हे मराठीत म्हणाले, कोणाकडेच न बघता. "तू मोजून देतेस. कसं लागतं, हे कोणी विचारलं नाही. त्या पाण्याला निदान चव होती."

प्रज्ञाने ते जर्मनमध्ये सांगितलं. मी सांगू नको म्हणायच्या आत सांगून टाकलं.

फ्राऊ किम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय खाता?"

"आमचं नेहमीचं."

"त्यांच्यासमोर?"

"हो."

"हॉस्पिटलमध्ये आम्ही पथ्याच्या पेशंटसमोर स्वतःचा डबा उघडत नसू."

एवढंच बोलून त्या जेवण वाढायला गेल्या. शिकवताना मी मुलांना असंच एका वाक्यात बसवत असे. आपल्यावर वेळ आली की ते वाक्य बराच वेळ कानात राहतं.

जेवण सगळ्यांना एकच होतं. वाफवलेला टोफू, तिळाचं तेल आणि लसूण लावलेला पालक, मुळ्याचं सार, भात. कशातही मीठ नाही. प्रत्येकापुढे एका बशीत भाजलेले तीळ आणि त्यात कुटलेलं बांबू-मीठ, चिमूटभर. घास उचलायचा, त्याचं टोक बशीत टेकवायचं, खायचं.

"शिजवताना घातलेलं मीठ पोटात जातं," त्या म्हणाल्या. "वरून लावलेलं आधी जिभेला कळतं. म्हणून थोडं पुरतं."

मी स्वयंपाकघरातला काटा मागून घेतला आणि ह्यांची बशी जेवणाआधी आणि जेवणानंतर तोलली. प्रज्ञाने कपाळाला हात लावला. मीठ अर्ध्या ग्रॅमच्या आत गेलं होतं. आणि ह्यांनी पालक दुसऱ्यांदा मागून घेतला, जो घरी कधी पहिल्यांदाही पूर्ण खात नसत.

परतीच्या गाडीतून प्रज्ञाने नागपूरच्या डॉक्टरांना मेसेज केला. त्यांचा लगेच फोन आला. ते ह्यांना जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. गोळीत बदल सुचवला, रोज दोनदा बीपी लिहायला सांगितलं, छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठायला सांगितलं.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "रोज पंचशील म्हणता. चौथं शील कुठे गेलं?"

"खोटं कुठे बोललो? तू विचारलंच नाहीस."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

ह्यांनी थोडा विचार केला. "नसतं. तू ओरडली असतीस."

"गेनाऊ, अगदी बरोबर," प्रज्ञा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली.

स्टुटगार्टला परत येऊन आता तीन आठवडे झाले. कोणी विचारलं की जावं का, तर जावं. रस्ता सुंदर आहे, बाई प्रामाणिक आहेत, जेवण चाळीस युरोंच्या मानाने उत्तम आहे. मीठ विकत घ्यायचं तर चवीसाठी घ्या. मूत्रपिंड, बीपी असलं काही असेल तर आधी डॉक्टरला विचारा. हे मी बायको म्हणून नाही, शिक्षक म्हणून सांगते आहे.

घरात आता एकच पातेलं असतं. भाजी, वरण सगळ्यांचं बिनमिठाचं शिजतं, आणि मीठ ताटात वरून. पहिले चार दिवस प्रज्ञाने तोंड वाकडं केलं. मलाही काही रुचलं नाही, पण मी तसं म्हटलं नाही. पाचव्या दिवसापासून वांग्याला वांग्याची चव लागायला लागली. पायांची सूज गेली. बीपी अजून हवं तेवढं नाही, पण उतरतंय, आणि उतरणीची वही हे स्वतः लिहितात.

परवा संध्याकाळी हे फिरून आले आणि बूट न काढता दारातच उभे राहिले.

"कोपऱ्यावरच्या बेकरीत ब्रेझल, तो गाठ मारलेला पाव, खाल्ला," हे म्हणाले. "वर मिठाचे खडे होते."

ओठांवर आलेलं मी गिळलं. "झाडले का?"

"अर्धे झाडले."

"आणि अर्धे?"

"खाल्ले. छान लागले."

"बरं. बूट काढा, जेवायला बसू," मी म्हटलं. ताटं वाढताना ह्यांच्या ताटात मीठ वाढलं नाही. ह्यांनी मागितलंही नाही. दोडक्याची भाजी तशीच खाल्ली, आणि ब्रेझल केवढ्याला पडला ते सांगत राहिले.