सत्तावीस देशांचं एकमत होईपर्यंत

समीक्षा डोर्लेकर जयगडच्या अलीकडच्या एका लहान गावात राहायची आणि तिथल्याच ग्रामपंचायतीत संगणक परिचालक होती. दाखले द्यायचे, उतारे काढायचे, जन्ममृत्यूच्या नोंदी करायच्या आणि सर्व्हर बंद पडला की लोकांचं बोलणं ऐकून घ्यायचं, हे तिचं अकरा वर्षांचं काम. वरून एखादं परिपत्रक आलं की खाली त्याचं काय होतं, हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. जिल्ह्याला एक ठराव होतो आणि प्रत्येक गाव तो आपापल्या सोयीने वाचतं. ज्या सरपंचाचं वजन असतं तो तर ठराव व्हायच्या आधीच आपल्या गावापुरती एक ओळ त्यात घालून घेतो.

तिचा नवरा रितेश मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात मोटरमन होता. बावीस सालच्या जानेवारीत तो नऊ महिन्यांच्या करारावर गेला. जुलैत त्याचं जहाज बाल्टिक समुद्रावरच्या एका छोट्या देशाच्या बंदरात खत भरायला लागलं. खत भरून झालं, आणि निघायच्या दिवशी कस्टमची माणसं शिडी चढून वर आली. खताच्या कंपनीत ज्याचा पैसा होता त्या रशियन माणसाचं नाव युरोपियन युनियनच्या निर्बंधांच्या यादीत होतं. जहाज हलवायचं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

"किती दिवस?" समीक्षाने फोनवर विचारलं.

"कोण सांगणार? इथले म्हणतात ब्रुसेल्सला विचारलंय. ब्रुसेल्सचं म्हणणं, नियम आमचा, पण अंमलबजावणी ज्याच्या त्याच्या देशाने करायची."

"म्हणजे जिल्हा परिषद आणि पंचायत."

रितेश हसला. तेव्हा तो अजून हसत होता.

मुंबईच्या ज्या एजन्सीमार्फत तो गेला होता तिथल्या नम्रता मॅडम फोन उचलायच्या, एवढं तरी बरं होतं. त्यांनी समीक्षाला सगळं नीट सांगितलं. यादीत नाव घालायचं किंवा काढायचं तर सत्तावीसच्या सत्तावीस देशांचं एकमत लागतं. एकाने मान डोलावली नाही तर सगळं थांबतं. ज्या देशांची जहाजं फार, त्यांनी घासाघीस करून नियमांत आपल्यापुरत्या सवलती घालून घेतल्या होत्या. ज्या देशांच्या दाराशी युद्ध आलं होतं ते तेच नियम अगदी आवळून वाचत होते. रितेशचं जहाज नेमकं आवळून वाचणाऱ्यांकडे अडकलं होतं.

समीक्षाला यात समजण्यासारखं अवघड काही वाटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर तिकडच्या बातम्या मराठीत करून वाचू लागली. कुठल्या देशाचा मंत्री काय म्हणाला, कुठल्या देशाने बैठकीत अडवून धरलं, हे तिला गावच्या ग्रामसभेसारखं पाठ झालं. सुरुवातीला ती वाचताना चिडायची. सप्टेंबरपर्यंत चिडणंही राहिलं नाही. ती वाचायची, डबा बंद करायची आणि पुढचा दाखला टाईप करायला घ्यायची.

सासरे भिकाजी पूर्वी मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे मुख्य होते. आता दम्याने घरीच असत. त्यांना हे काही केल्या पटत नव्हतं.

"तुफान नाय, इंजिन बिघडलेलं नाय," ते म्हणायचे. "मग अडकलाय कसा गो?"

"कागदात अडकलेत, मामा."

"कागदात बोट अडकते होय?" असं म्हणून ते खोकत बसायचे.

ऑक्टोबरात रितेशचा करार संपला. पण जहाजावर ठरावीक माणसं असल्याशिवाय चालत नाही, आणि त्याच्या जागी जाणाऱ्या माणसाला तो देश व्हिसा देत नव्हता. फोनवर आता तो हवेबद्दल बोलायचा. आज उणे दोन, आज बर्फ. वेदिकाने, त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने, बर्फ दाखवायला सांगितला की तो फोन खिडकीला लावायचा. करड्या काचेपलीकडे काही दिसायचं नाही. वेदिका तरी "दिसला" म्हणायची आणि अभ्यासाला जायची.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी भिकाजी गेले. समीक्षा त्या दिवशी डबा न नेता जेवायला घरी आली होती, म्हणून जवळ होती. तिने शेजाऱ्यांना हाक मारली, वेदिकाला तिच्या चुलत काकूकडे पाठवलं आणि मग रितेशला फोन लावला. तो इंजिनरूममध्ये होता, लागला नाही. तिने मेसेज केला, "मामा गेले. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी." पाठवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की ही वेळ तिने नोंदीला लागते तशी लिहिली होती.

अग्नी चुलत दिराने दिला. तिसऱ्या दिवशी समीक्षा कामावर गेली आणि मृत्यूची नोंद तिने स्वतःच केली. खबर देणाऱ्याचं नाव, मयताशी नातं. सून, असं तिने टाईप केलं. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "राहू दे, मी करतो." ती म्हणाली, "झालं."

नम्रता मॅडमनी खटपट केली होती. वडील वारल्याचा दाखला तिकडे गेला, तिकडच्या सीमा पोलिसांकडून कुठल्याशा मंत्रालयात गेला आणि बाराव्या दिवशी उत्तर आलं, की इंजिनखात्यातल्या एका माणसाला उतरू देऊ. एकालाच. समीक्षाने रितेशचे गरम कपडे काढले, इकडे लागणार नाहीत म्हणून परत ठेवले, आणि ती त्याची गादी रोज उन्हात टाकू लागली.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"मी नाही येत आत्ता."

ती फोन घेऊन अंगणात, उन्हातल्या गादीपाशी आली.

"फिलिपिन्सचा एक आहे माझ्यासोबत. त्याची बायको बाळंतीण होतेय, काहीतरी गुंतागुंत आहे म्हणे. बाबा तर गेले. बारावंही झालं. मी येऊन काय करणार? त्याला पाठवलं."

"त्यांनी ऐकलं?"

"त्यांना एक माणूस उतरवायचा होता. कोण ते त्यांनी विचारलं नाही."

"बरं," समीक्षा म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने राग येतो का, याची वाट पाहिली. आला नाही. त्याने केलं ते बरोबर होतं असंही वाटलं नाही, चुकीचं होतं असंही नाही. गादी उन्हातून आत आणायची होती, ती तिने आणली.

डिसेंबरच्या मध्यावर सत्तावीस देशांचं जमलं. खत आणि धान्य अडकलं असेल तर प्रत्येक देशाने आपापल्या अखत्यारीत, प्रकरण बघून सोडायला हरकत नाही, असा बदल झाला. नम्रता मॅडमनी आनंदाने फोन केला. समीक्षाने विचारलं, "आपापल्या अखत्यारीत म्हणजे अजून किती?"

अजून सहा आठवडे लागले. त्या छोट्या देशाला आधी नवा अर्ज तयार करावा लागला, मग तो तपासणारी समिती. जानेवारी संपता संपता जहाज सुटलं.

फेब्रुवारीत रितेश रत्नागिरी स्टेशनवर उतरला. चेहरा सुजल्यासारखा पांढरा. समीक्षा रिक्षा घेऊन आली होती. "बॅग जड आहे," तो म्हणाला. "दे एक इकडे," ती म्हणाली. वेदिका दोघांच्या मध्ये बसली आणि निवळी फाटा येईपर्यंत झोपून गेली.

तो पुन्हा लांबच्या जहाजावर गेला नाही. जयगडच्या बंदरात टगबोटीवर लागला. मोठी जहाजं ओढून धक्क्याला लावायची, सुटली की बाहेर काढून द्यायची. सकाळी सातला जायचा, दुपारी चारला यायचा. घरात वडिलांचं नाव त्याने काढलं नाही. समीक्षानेही काढलं नाही. सहा महिन्यांनी निर्बंधांची ती यादी तिकडे परत मंजुरीला आली तेव्हा जुन्या सवयीने तिने बातमी वाचली. एक देश अडून बसला होता, त्याला काहीतरी देऊन समजावलं होतं. रितेशला सांगावं असं तिला वाटलं नाही.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी तो चहा पिता पिता म्हणाला, "बाबा शेवटी काय म्हणाले?"

तिने आठवून पाहिलं. सांगण्यासारखं काही असतं तर तिने सांगितलं असतं.

"पंख्याचा आवाज येतो म्हणाले. बंद करायला सांगितला."

"मग?"

"केला मी बंद."

त्याने मान हलवली. कप मोरीत ठेवला, डबा घेतला आणि कामावर गेला.