नानाच्या हातचा भुऱ्या

सकाळी मेथी निवडत असताना अमळनेरहून शेजाऱ्यांचा फोन आला. नाना गेला... माझा थोरला भाऊ. जळगावहून मी पोहोचले तोवर अंगणात माणसं जमली होती आणि भुऱ्या नानाच्या कॉटखाली तोंड खुपसून बसला होता.

भुऱ्या हा मनीषाचा, म्हणजे नानाच्या मुलीचा कुत्रा. पूडल जातीचा, अंगभर कुरळे केस. ती नोकरीसाठी परदेशी गेली आणि कुत्रं बापाच्या गळ्यात पडलं. आमच्याकडे कुत्र्याला उंबऱ्याच्या आत कधी जागा नव्हती. वहिनी असती, तर तिनं दोघांनाही बाहेर काढलं असतं.

भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायची आमची रीत. पुढच्या खोलीतला तो ढीग भुऱ्यानं बिछाना म्हणून पसंत केला. या जातीचे केस गळून खाली पडत नाहीत, कुरळ्यांतच अडकून राहतात. त्यात कापूस गुंतला आणि काखेत, कानामागे गाठी झाल्या. लहानपणी आमच्या डोक्यातला गुंता आई तेल चोपडून काढायची. नानानंही तेच केलं. शेंगदाण्याचं तेल लावलं, वर अंघोळ घातली, आणि गाठींची घट्ट गोधडी झाली. शेवटी डॉक्टरांनी सगळे केस भादरले. थंडीचे दिवस होते. नाना त्याला स्वतःच्या शालीत घेऊन बसायचा.

"मन्ही चूक शे, सुमन. याले काय माहीत?"

तेव्हापासून रोज दुपारी ओट्यावर ब्रश. केस कोरडे असतानाच, आधी टोकं, मग मुळापर्यंत, अंघोळ त्यानंतर. "लेकीची वेणी कधी घातली नाहीस, आणि आता याची हौस!" असं मी चिडवायचे. तो नुसता हसायचा.

मग अर्धांगवायूनं त्याचा डावा हात गेला. तरी ब्रश सुटला नाही. एकदा तो म्हणाला, "मन्हा मांगे याना गुंता कोन काढी?"

"मी काढीन," मी म्हणाले. चुकून कुत्रं शिवलं तरी अंघोळ करणारी मी! नाना नुसता विंचरत राहिला. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नसावा. खरं सांगायचं तर माझाही नव्हता.

तेरावं होईपर्यंत भुऱ्याकडे कुणी पाहिलं नाही. पुन्हा गाठी झाल्या. कुणी हात लावला की गुरगुरायचा. मनीषाला त्याला सोबत नेता येत नव्हतं. "आत्या, केस भादरून टाकू. पुण्यात एक जण घ्यायला तयार आहेत," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला ते सहन होईना. मी ब्रश घेऊन ओट्यावर जाऊन बसले.

बराच वेळ तो लांबूनच बघत होता. मग आला. कान झाले, पाठ झाली. काखेपाशी आले, तर त्यानं पुढचा पाय आपणहून उचलला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला. मला आधी कळेना. मग कळलं आणि ब्रश हातातच राहिला... नानाच्या एका हातात ब्रश. पाय उचलून धरायला त्याच्याकडे दुसरा हात नव्हता.

भुऱ्या आता जळगावला माझ्याकडे आहे. रोज दुपारी विंचरायला बसले की अजूनही पाय उचलतो. पाय थरथरू लागला की मी खालून डावा हात देते. तो मान वळवून त्या हाताकडे बघत राहतो.