कव्हर काढायचं नाही

मेहकरच्या बसस्टँडमागच्या बोळीत, पिठाच्या गिरणीच्या वर, शंकररावांचा टायपिंगचा क्लास आहे. सकाळी सातच्या बॅचला जिना चढून गेलं की आधी जयमालाबाईंचा आवाज कानावर पडतो.

"तिसऱ्या मशीनवर कोन आहे? करंगळीचं काम शेजारच्या बोटाले काऊन सांगून राह्यला?"

तिसऱ्या मशीनवरचा गडी ओशाळून हात सावरतो. आपलं बोट चुकलं हे त्याला स्वतःला अजून कळलेलं नसतं. जयमालाबाईंना खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून कळलेलं असतं. करंगळीचा ठोका हलका पडतो, शेजारच्या बोटाचा भारी. एवढ्यावरून त्या माणूस धरतात.

त्यांना दिसत नाही. चौथ्या वर्षी गोवर आला आणि जाताना नजर घेऊन गेला. वडील कचरू बाजार समितीत हमाली करत. त्यांनी पोरीला खांद्यावर बसवून बस पकडली आणि अंधशाळेत नेऊन घातली. तिथे मोठ्या मुलींना खुर्च्या विणायला बसवत. जयमालाबाई टाइपरायटरपुढून उठल्याच नाहीत. दोनदा उठवलं, दोनदा परत जाऊन बसल्या. तिसऱ्यांदा कोणी उठवायला आलं नाही. आता चव्वेचाळिशी आली आहे, शंकररावांकडे अकरा वर्षं झाली आहेत, आणि सातची बॅच त्यांची आहे.

त्यांची शिकवण्याची एक रीत आहे. नवा विद्यार्थी आला की पहिले आठ दिवस त्याच्या हातांवर पंचा टाकायचा. पंचाखाली हात, हाताखाली कळा. "पाहाचं नाही. बोटाले घर माहीत आहे, त्याले जाऊ द्या." तहसीलमध्ये लागलेली कितीतरी पोरं या पंचाखालून गेलेली आहेत.

दाराजवळचं पहिलं मशीन त्यांचं. त्यात स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. क्लासमध्ये सगळे त्याला 'आतली बाई' म्हणतात. पोरांना टाइप करायला द्यायचे उतारे आपल्या आवाजात भरून ठेवायचे, पोरांचं काम तपासायचं, सगळं या बाईच्या भरवशावर. त्या मशीनच्या मॉनिटरवर आई अन्नपूर्णाबाईंनी जुन्या चादरीतून शिवून दिलेलं कव्हर असतं. ते कधी निघत नाही. निघायचं कारणच पडत नाही.

फेब्रुवारीत ते मशीन बंद पडलं. शंकररावांनी दुरुस्तीवाल्या अजहरला बोलावलं. त्याने तासाभरात नवीन विंडोज टाकलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी जयमालाबाई बसल्या तर मशीन मुकं. त्यांनी फोन लावला.

"मॅडम, ते बडबड करनारं का? त्यानं मशीन जड होऊन राह्यलं होतं, काढून टाकलं. आता पडदा पाहा किती साफ दिसते."

"कोनाले?" जयमालाबाईंनी विचारलं.

अजहर वाईट माणूस नाही. तो दोनदा परत आला. एकदा काहीतरी टाकलं, ते एक वाक्य बोललं आणि गप्प झालं. दुसऱ्यांदा म्हणाला, आता जमत नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर. शेवटी शंकररावांनी घसा साफ केला.

"जयमाला, सोमवारपासून सातची बॅच वैष्णवी घेईन. तू बस ना बाजूले. हजेरी घेत जा."

वैष्णवी त्यांच्याच पंचाखालून निघालेली पोरगी. तिच्याबद्दल तक्रार नव्हती. पण हजेरी या शब्दापाशी जयमालाबाई थांबल्या. आज हजेरी. मग दाराजवळ एक खुर्ची. मग, उन्हाचं कशाले येतं, घरी आराम कर. ही वाट त्यांना पाठ होती.

"रविवारी क्लास बंद असते," त्या म्हणाल्या. "किल्ली द्या मले. विंडोज मीच टाकीन, नव्यानं. आतल्या बाईले मीच परत बसवीन."

"अवं, ते टाकतानी मशीन बोलत नसते. अजहर म्हने."

"बोलते. तिले बोल म्हनावं लागते."

हे त्यांना देवानंदने सांगितलं होतं. अंधशाळेतला त्यांचा सोबती, देऊळगाव राजाला एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर आहे. त्यानेही डोळ्यांविना हे तीनदा केलेलं. दोन संध्याकाळी फोनवर त्याने एकेक पायरी सांगितली, आणि जयमालाबाईंनी ती म्हणून दाखवली. मग त्याने पेनड्राइव्ह तयार करून औषधाच्या पिशवीत बांधला आणि एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती मेहकरला धाडला.

रविवारी दहाला शंकररावांनी दिलेली किल्ली घेऊन त्या जिना चढल्या, तर शंकरराव दुसऱ्या किल्लीने उघडून आधीच वर बसले होते, आणि चपलांच्या फरफटीवरून कळलं, अजहरही होता.

"काही झालंच तर," शंकरराव म्हणाले.

"बसा. पन हात लावाचा नाही."

अजहर कव्हर काढायला पुढे झाला. "राहू दे," जयमालाबाई म्हणाल्या.

"मॅडम, मंग दिसन कसं?"

"तुले काय पाहाचं आहे? बसवून मी राह्यली."

त्यांनी पेनड्राइव्ह खोचला, मशीन सुरू केलं आणि लगेच एफ-बारा दाबत राहिल्या, म्हणजे मशीन कशावरून उठायचं त्याची यादी उघडते. पेनड्राइव्ह यादीत दुसरा येतो, हे त्यांनी अजहरकडूनच आधी काढून घेतलं होतं. खाली एकदा. एंटर. आता इथे कुणीच बोलत नाही. पंख्याचा सूर चढेपर्यंत थांबायचं. सूर चढला. त्यांनी शंभर आकडे मोजले आणि विंडोजच्या स्वतःच्या आवाजाला 'बोल' म्हणणाऱ्या तीन कळा एकदम दाबल्या: कंट्रोल, विंडोज, एंटर.

शांतता. खालची गिरणी तेवढी ऐकू येत होती.

"म्हटलं होतं ना मी," अजहर हळूच शंकररावांना म्हणाला.

जयमालाबाईंनी पिशवीतून हेडफोन काढला, यूएसबीचा. देवानंदने बजावलं होतं, स्पीकर ऐन वेळी दगा देते, हे सोबत ठेव. पिन बसवली, कानाला लावला, तीन कळा पुन्हा दाबल्या आणि थांबल्या. अर्ध्या मिनिटाने त्यांच्या खांद्यातला ताठा थोडा उतरला.

"काय म्हनते?" अजहरने विचारलं.

"मले म्हनते, तुले नाही."

पुढची दहा मिनिटं दोघा पुरुषांची मोठी पंचाईत झाली. पडद्यावर चादर, आवाज एकटीच्या कानात. कळांचे ठोके तेवढे ऐकायचे. शंकरराव दोनदा उठले, दोनदा बसले.

मग ठोके थांबले. हार्ड डिस्कचे दोन भाग होते. एकात अजहरने टाकलेलं विंडोज, दुसऱ्यात जयमालाबाईंच्या आवाजातले अकरा वर्षांचे उतारे. एक भाग पुसायचा होता. कानातल्या आवाजाने दोन्हींचं माप वाचलं: दोनशे बत्तीस जीबी, दोनशे बत्तीस जीबी. कुण्या जमान्यात मशीन जोडणाऱ्याने खोबऱ्याच्या वाट्यांसारखे सारखे दोन तुकडे केले होते.

"विंडोज कोन्त्या भागात टाकलं होतं तू?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या. पहिलाच असते मॅडम, दाबा बिनधास्त."

जयमालाबाईंचं बोट कळेवर होतं. दाबलं नाही. त्या ओळीवरून पुन्हा गेल्या, या वेळी सावकाश, आणि मापाच्या पुढचाही आकडा ऐकला. पहिल्या भागात मोकळी जागा एक्क्याण्णव जीबी, म्हणजे एकशे एक्केचाळीस भरलेली. दुसऱ्यात एकशे अठ्ठ्याण्णव. आठ दिवसांपूर्वी टाकलेल्या रिकाम्या विंडोजला पहिल्यातली एवढी जागा कशाला लागेल? आणि उताऱ्यांच्या भागात एक्क्याण्णव जीबी मोकळे उरले आहेत, हे मशीनने त्यांना जानेवारीत सांगितलंच होतं.

"दुसऱ्या भागात आहे ते," त्या म्हणाल्या.

"नाही हो मॅडम, मी रोज पाच मशीन करतो."

"म्हनूनच."

शंकररावांना राहवेना. त्यांनी कव्हर वर उचललं. अजहरने वाकून पडद्यावरच्या दोन्ही ओळी वाचल्या.

"बराबर आहे," तो म्हणाला. "दुसरा आहे."

शंकररावांनी कव्हर आपल्या हाताने खाली सोडलं.

जयमालाबाईंनी दुसरा भाग पुसला आणि पुढे चालू लागल्या. मधे मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं, कानातला आवाज गेला. "गेलं?" शंकररावांनी विचारलं. "उठून राह्यलं," त्या म्हणाल्या आणि तीन कळा पुन्हा दाबल्या. नाव, पासवर्ड, हो, नाही, नंतर. मग पेनड्राइव्हमधून आवाजाचा ड्रायव्हर घातला, आणि त्यानंतर आतली बाई. हेडफोन उपसला तशी ती सगळ्या खोलीत बोलली, तिच्या त्या पत्र्याच्या डब्यातून आल्यासारख्या मराठीत: "उतारा एक. उतारा दोन. उतारा तीन."

जयमालाबाईंनी तिला चारशे बारापर्यंत वाचू दिलं. एकही गेला नव्हता.

"मॅडम, त्या तीन कळा कोन्त्या होत्या?" अजहरने विचारलं.

"लिहून घे. आनि पुढच्या वेळी कोनाचं काही काढाचं असन तं त्याले आधी विचार."

त्याने खरंच लिहून घेतलं.

शंकरराव म्हणाले, "मी वैष्णवीले उद्या ये म्हटलं आहे. आता कसं करावं?"

"येऊ द्या. दहाच्या बॅचले मानूस पाह्यजेच आहे तुमाले."

"तरी सातले तुझ्यासंगं कोनी असलं तं..."

"अकरा वर्षं कोन होतं?"

शंकररावांनी किल्लीसाठी हात पुढे केला असावा. त्यांच्या घड्याळाचा पट्टा किंचित खुळखुळला. जयमालाबाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"सातले उघडाचं मलेच आहे," त्या म्हणाल्या.

जाता जाता त्यांनी मॉनिटरवरून हात फिरवला. उचलून सोडताना कव्हर एका बाजूला कलतं झालं होतं. त्यांनी ते ओढून सरळ केलं, कोपरे बसवले आणि जिना उतरायला लागल्या.