वेठीची पेटी

“पायतं काय? उचल पेटी.”

पाटील हे चावडीपुढं, सगळ्या गावादेखत मला म्हणाला. तहसीलदारसाहेब दौऱ्यावर आले होते. वाटेत त्यांच्या दमणीचा, बैलांच्या हलक्या गाडीचा, आख मोडला. त्यांची लोखंडी पेटी पुढच्या गावापर्यंत डोक्यावर न्यायची होती. असलं ओझं महारवाड्यानंच न्यायचं. फुकट. वेठ म्हणायचे त्याला.

मी नागपूरहून नुकताच आलो होतो. अकोल्याला रेल्वेतून उतरून लॉरीनं हिवरखेड, तिथून पायी. अंगात कोट. राखीव जागेवरून असेंब्लीत निवडून गेलेला मी.

“पाटील, मी मेंबर आहो असेंब्लीचा.”

पाटील हसला. “मेंबर तू नागपुरात. अठी महारवाड्यातला. तुह्या आजानं नेली, बापानं नेली. तुले काय शिंगं फुटले?”

तहसीलदार शिकलेला माणूस. सगळं ऐकत होता. खिशातलं घड्याळ काढून पाहिलं, बस.

तेवढ्यात गर्दीतून माझा बाप पुढं आला. दमेकरी माणूस. फडक्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली अन् पेटीपाशी बसला. मी धावलो. पेटीला हात घातला. त्यानं माझा हात झटकला.

“तू नेली, त मंग कोनीच कधी नाई म्हननार नाई. मले नेऊ दे.”

गर्दीतल्या दोघांनी पेटी त्याच्या डोक्यावर चढवली. तो निघाला. काळ्या मातीत पाय रुतत होते, खोकला थांबत नव्हता. मी रिकाम्या हातानं त्याच्या बाजूनं चाललो. आयुष्यात तेवढी लांब वाट मी चाललो नाही.

वेठीवर मी असेंब्लीत प्रश्न टाकला. लगेच अमरावतीहून बोलावणं आलं. आमच्या पक्षाचे पुढारी, मोठे वकील. दिवाणखान्यात मंडळी खुर्च्यांवर चहा पीत होती. मला व्हरांड्यात उभं ठेवलं. वकीलसाहेब दारात आले.

“प्रश्न मागे घे. पाटील आपला माणूस आहे. तुला बोलायला नाही पाठवलं, हात वर करायला पाठवलंय.”

प्रश्न मागे घेतला नाही.

असेंब्लीत मंत्र्यानं उत्तर दिलं, “अशी तक्रार सरकारकडे आलेली नाही.”

मी उठलो. “तक्रार तुमच्यासमोर उभी आहे साहेब. पेटी माझ्या बापानं वाहिली.”

मागून कुणीतरी हसलं. खाली बसा, असा हुकूम झाला. मी बसलो नाही. चावडी, पाटील, तहसीलदार, बापाचा खोकला, सगळं बोललो. मग बसलो.

पाटलानं महारवाड्याचं शेतातलं काम बंद केलं. बायाबापड्या मजुरीसाठी परगावी जाऊ लागल्या. पण वेठीला कुणी गेलं नाही. बाप त्याच हिवाळ्यात वारला.

पुढच्या निवडणुकीत तिकीट दुसऱ्याला मिळालं. आमच्यातलाच, मुकाट बसणारा. मी पक्षाशिवाय उभा राहिलो. पडलो.

परवा वकीलसाहेबांचा माणूस आला. “माफी मांगा. तिकीट देऊन राहिले ते.”

“काहाची माफी?” मी म्हणालो.

मी पुन्हा उभा राहणार आहे. पुन्हा पडेनही. माफी मागणार नाही.