रविवारची गोळी

कळसाडीत जसोदाबाईंना घाबरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नवरा गिरधर पाटील गेला तेव्हा मुलगा हेमकांत सोळा वर्षांचा होता. बाईंनी तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी डोक्याला पदर गुंडाळला आणि कापूस वेचायला बायका लावल्या. त्यांनी विहिरीच्या मोटारीचा झटका खाल्ला, केळीच्या बागेत साप मारले, भाऊबंदांशी बांधाचं भांडण एकटीने निभावलं. तोंड असं फटकळ की चार घरं पलीकडची सूनही त्यांना पाहून पदर सावरायची. अशा बाईला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी एकाच गोष्टीची धास्ती होती. ती म्हणजे खाट.

कारणही तसंच होतं. मोठी जाऊ नर्मदाबाई विधवा, मूलबाळ नाही, म्हणून यांच्याकडेच राहायची. दहा वर्षांपूर्वी ती न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि जी खाटेला खिळली ती अकरा महिन्यांनी खाटेवरूनच गेली. तिचं सगळं जसोदाबाईंनी केलं. गावाने तोंडभरून नावाजलं, सख्खी बहीण करणार नाही इतकं केलं म्हणून. कुणी तसं म्हटलं की जसोदाबाई कापसाच्या भावाकडे विषय वळवायच्या.

अडीच वर्षांपूर्वी त्यांची साडी जमिनीला घासायला लागली. त्यांना वाटलं, नेसणं ढिलं झालं. मग फळीवरची लोणच्याची बरणी हाताला येईना. बरणी जागच्या जागी होती, बाईच उंचीने दीड इंच कमी झाल्या होत्या. हेमकांतने सुरतेला नेऊन हाडांची घनता मोजून आणली. शहाद्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि हाडं ठिसूळ झालीत, असं सांगितलं. आठवड्यातून एक गोळी लिहून दिली. दर रविवारी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत घ्यायची. पुढचा अर्धा तास चहा नाही, दूध नाही, आडवंही व्हायचं नाही. जसोदाबाईंनी मान डोलावली. त्या डोळ्यांसमोर नर्मदाबाईची खाट ठेवूनच घरी आल्या होत्या, एक रविवार चुकवायची त्यांची छाती नव्हती.

आणि चुकवला नाहीच. दोन वर्षं झाल्यावर पुन्हा सुरत झाली. हाडांच्या घनतेचा आकडा आधी उणे तीन होता, तो आणखी घसरून उणे साडेतीनवर गेला होता.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "गोळी नीट घेत होता ना?" उत्तर हेमकांतनेच दिलं. एकही रविवार चुकला नाही, तारखा लिहिल्या आहेत. हे खरंच होतं. पण जसोदाबाईंनी उगाचच पदर सारखा केला. मागे दाराशी सून मोहिनी उभी होती, ती फरशीकडे बघू लागली.

झालं होतं असं. पहिल्या रविवारी पाण्यासोबत गोळी घेतली आणि छातीत जाळ उठला. जसोदाबाईंनी लगेच ताडलं, गोळी गरम पडली. आता गरम औषध दुधावर घ्यायचं असतं हे त्यांच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, ते काय डॉक्टरला विचारायचं? शिवाय हाडांना दूध चांगलंच. आणि पोट रिकामं म्हणाल तर एकादशीला दूध घेतल्याने उपास कुठे मोडतो? दुसऱ्या रविवारपासून मोहिनी म्हशीच्या दुधाचा कोमट पेला आणू लागली. पेला रिकामा करून बाई जराशा कलंडायच्या. जाळ थांबला. डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं, म्हणजे बाईंनी राहू दिलं. माणूस स्वतःचं शहाणपण लपवायला लागला की समजावं, त्याला आतून शंका आहे.

"औषध लागू पडलेलं दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. आता बदलावं लागेल. वर्षातून एकदा शिरेतून सलाईनवाटे द्यायचं दुसरं औषध आहे. त्याआधी पाठीचा एक्स-रे काढायचा, रक्त तपासायचं, मूत्रपिंड आणि कॅल्शियम बघायचं, हलणारा दात असेल तर दातांच्या डॉक्टरला दाखवायचा. आठ दिवसांनी या.

ते आठ दिवस जसोदाबाईंनी कसे काढले ते मोहिनीलाच माहीत. गोळी मानवली नाही तर बंद करता येते, पण शिरेत गेलेलं औषध वर्षभर अंगातून काढणार कसं? गल्लीतल्या प्रमिलाबाईला ते दिलं होतं, तर तीन दिवस ताप आणि अंग असं ठणकलं की ती रडली होती. या भीतीखाली दुसरी भीती होती, ती मोठी होती. दोन वर्षं आपण आपल्या हाताने घालवली, हाडं आतून झिजत राहिली आणि आपण वरून दूध पीत राहिलो. बाई भिंत धरून चालू लागल्या. न्हाणीत जाताना मोहिनीला दाराबाहेर उभं करू लागल्या. शिंक आली तरी आधी पाठ धरायच्या.

खरं सांगावं, तर हेमकांत मोहिनीवर उखडणार हे नक्की. दूध तर तीच आणायची. खरं न सांगावं, तर डॉक्टर चुकीच्या समजुतीवर नवं औषध देणार. सातव्या दिवशी रविवार आला. मोहिनीने रिकामा पेला हातात धरून विचारलं, आत्याबाई, आज काय आणू? जसोदाबाईंनी गोळी घेतलीच नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा रविवार चुकला.

सोमवारी दवाखान्यात खुर्चीवर टेकताच त्या बोलल्या. "डॉक्टरसाहेब, गोळी मी पानीवर नई लिधी. दोन वरीस दूधवर लिधी."

हेमकांतची मान गर्रकन मागे मोहिनीकडे वळली.

"तिन्हाकडे नको देखू," जसोदाबाई म्हणाल्या. "मी मांगं, तिनी दिधं."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. दूध ही गोळी पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही, असं त्यांनी समजावलं. म्हणजे औषध हरलं नव्हतं, ते हाडांपर्यंत पोचलंच नव्हतं. हे ऐकून बाईंच्या जिवात जीव आला. मग तीच गोळी पुन्हा द्या की, आता पाण्यावर घेते, जळाली छाती तर जळू दे, असं त्या घाईघाईने म्हणाल्या. डॉक्टरांनी पाठीच्या एक्स-रेवर बोट ठेवलं. एक मणका चेपला होता. अन्ननलिकेत जाळ होणाऱ्या बाईला ती गोळी पुन्हा देणं बरं नव्हे, आणि पुन्हा वर्षभर वाट बघण्याइतका वेळ हाडांकडे उरलेला नाही. आता पडलात तर खुबा जाईल, असं ते सरळ म्हणाले. रक्ताचे आकडे चांगले होते, दातही ठीक होते. सलाईन आजच लावायचं ठरलं. म्हणजे खरं बोलूनही सुई टळली नाही.

हेमकांत तापाच्या गोळ्या आणायला खाली गेला. तो तोंड मिटून होता, म्हणजे घरी बोलणार होता. आतल्या खोलीत जसोदाबाईंना पलंगावर बसवलं. सिस्टरने सांगितलं, सुई लावण्याआधी दोन ग्लास पाणी प्या, या औषधात मूत्रपिंडासाठी पाणी लागतं. मोहिनीने ग्लास भरून आणला. बाईंनी दोन घोट घेतले आणि बाजूला सारला. पाणी प्यायलं की उठावं लागतं, सुई लावून कसं उठणार, कोण उचलणार, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. बोलता बोलता त्या एकदम थांबल्या. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबले.

"मोहिनी, नर्मदा खाटवर व्हती तवय मी तिले पानी कमी देऊ," त्या म्हणाल्या. "घडीघडी उचलनं नको पडाले म्हनीसन. ती मांगे, अन मी म्हनू, आत्ते त पिधं. तिन्हे ओठ फाटेल राहेत. गाव मन्हं नाव काढे अन मी ऐकी लेऊ."

हे सांगताना त्या मोहिनीकडे बघत नव्हत्या. सुईची भीती, तापाची भीती, मणक्याची भीती, सगळ्यांच्या मुळाशी हेच होतं. दहा वर्षं त्यांना नुसत्या खाटेची भीती नव्हती. खाटेवर आपण असू आणि उशाशी आपल्यासारखीच कुणी बसलेली असेल, याची होती. आता ज्या बाईच्या हाती जायचं होतं तिलाच त्यांनी ते सांगून टाकलं होतं.

बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव पुकारत होता.

"माले मालूम शे, आत्याबाई," मोहिनी म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि त्यात माया होती की नाही हे कळत नव्हतं. "मी नवीन व्हतू. दुपारले तुम्ही झोपेत, तवय मी त्यासले पानी देत जाऊ. मंग मीच उचलू."

म्हणजे दहा वर्षं. दहा वर्षं हिला ठाऊक होतं. याच हाताने ही भाकरी वाढत होती, याच हाताने रविवारी दूध आणत होती, आणि एका शब्दाने बोलली नव्हती. जसोदाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण नजर तिच्या बांगड्यांपर्यंतच वर गेली. त्या बांगड्यांच्या हाताने ग्लास पुन्हा पुढे केला.

जसोदाबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला आणि तळापर्यंत प्यायल्या. मग घाबरत घाबरत आणखी मागितलं.