कॉम्प्युटरची पाठराखीण

या जगात कोणतीही वस्तू, जनावर किंवा माणूस एकट्यानं नीट चालूच शकत नाही, असं ठामपणे मानणारा माणूस मी उभ्या वाशीम जिल्ह्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच नशिबी आला. माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. शिरपूर रोडला आमचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं वाशीमच्या बाजाराला जातं. त्या मळ्यात भासऱ्यांनी आजवर एक रोप एकटं लावलेलं मला दाखवा, मी नाव बदलून घेईन. टमाट्याला झेंडूची जोड, मिरचीला मक्याची जोड, नव्या गोऱ्ह्याला म्हाताऱ्या बैलाची जोड. कच्च्या पपया पेटीत भरल्या की त्यात एक पिकली पपई ठेवणार, "त्याहिले वळण लावायले." वरण शिजेना झालं की स्वयंपाकघराबाहेरून आवाज येणार, "करवंटीचा तुकडा टाका त्यात, डाळ एकटी पडली." आणि एवढं करून स्वतःचं लग्न मात्र या माणसानं राहू दिलं. आधी बहिणींचं, मग धाकट्या भावाचं, असं करता करता वय निघून गेलं. कोणी विचारलं तर हसतात आणि म्हणतात, "साऱ्याहिले जोड लावता लावता माहीच रायली."

पाहुणा निघाला की भासरे त्याला फाट्यापर्यंत सोडायला जातात. इथवर ठीक आहे, चार माणसं करतात. पण एसटी आली की हे पाहुण्याबरोबर आत चढतात. एकदा आमच्या मावससासऱ्यांना सोडायला म्हणून गेले ते थेट कारंज्याला त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. मग "आता तुमी एकटे कसे जासान?" म्हणून मावससासऱ्यांचा लेक यांना सोडायला आमच्याकडे आला, आणि दुसऱ्या दिवशी भासरे चपला घालून त्याला सोडायला तयार! मी दारात आडवी उभी राहिले म्हणून तो फेरा मिटला, नाहीतर ती दोन घरं अजून एसटीतच असती. माझ्या लग्नातही यांनी तेच केलं. नवरी सासरी पहिल्यांदा जाते तेव्हा तिला परकं वाटू नये म्हणून माहेरची एक बाई सोबत येते, ती पाठराखीण. माझी आत्या आली होती. रीतीप्रमाणे दोन दिवस राहून ती निघाली, तर भासरे बैलगाडीच्या आडवे. "सूनबाई अजून कोणाशी बोलत नाई. ती हसेस्तोवर तुमी जायाचं नाई." आत्या बिचारी पुरा महिना अडकली. शेवटी तिनंच मला कोपऱ्यात घेऊन दम दिला, "हास व माय एकदाची, माहं घर उघडं पडलं!" मी हसले. तेव्हा कुठं आत्याची सुटका झाली.

असल्या माणसाच्या हाती कॉम्प्युटर लागला. वाशीमचा कुठलासा क्लास बंद पडला, त्यातला जुना डबा यांनी बाजारभाव आणि हवामान पाहायला उचलून आणला. मधल्या खोलीत टेबल मांडलं, त्यावर पडदा, आणि मागच्या खिडकीला लागून स्टुलावर तो डबा, पाठ खिडकीकडे करून. का, तर "त्याले वारा लागू दे." वारा लागला, पण अंगात वारं काही भरलं नाही. बटण दाबून भासरे मेथीच्या वाफ्याला पाणी देऊन यायचे तरी पडद्यावरचं ते चाक गरगर फिरतच असायचं. माझा नवरा म्हणाला, भंगारात द्या. भासरे तो डबा पोत्यात गुंडाळून वाशीमला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आले ते सोयरीक जुळवून आल्यासारखे. "वैशूची माय, त्याले काही रोग नाई! मेमरी कमी हाये त्याची. पेनड्राइव्ह लावला का तो त्याच्या मदतीले धावते. पाठराखीण पाहिजे होती त्याले, बस!" दुरुस्तीवाल्यानं सेटिंग करून दिलं होतं. भासऱ्यांनी तो पेनड्राइव्ह डब्याच्या पाठीत खोचला, त्याला लाल धागा बांधला आणि घरात जाहीर केलं की याला जो हात लावील त्याचा हात जागेवर राहणार नाही. खरंच काही फरक पडला का? आता चाक फिरताना भासरे मेथीऐवजी फक्त कोंबड्यांना दाणे टाकून यायचे. याला वेग म्हणायचं असेल तर म्हणा.

आता वैशूचं सांगते. वैशू म्हणजे वैष्णवी, माझी एकुलती एक लेक. वाशीमला कॉम्प्युटरचंच शिकली. पुण्याच्या कंपनीचा इंटरव्ह्यू तिनं मोबाइलवर दिला, तो मध्येच तुटला. त्यांनी पुन्हा एक वेळ दिली, शेवटची, आणि अटी घातल्या: मोबाइल चालणार नाही, कॅमेरा लावलेला कॉम्प्युटर पाहिजे, दार बंद पाहिजे आणि खोलीत दुसरं कोणी नको. इकडे रिसोडचं एक स्थळ आमच्या होकारावर थांबलं होतं. नवऱ्यानं सरळ सांगितलं होतं, "या खेपेले लागली तं लागली. नाई तं मी होकार कळवतो." वैशू माझ्याजवळ येऊन रडली. पोरगी हुशार, पण परक्या माणसापुढं तिच्या तोंडाला कुलूप लागतं, आणि त्यात भासऱ्यांचं वेगळंच. "एकटीले बसवून राह्यले? पोट्टीले? हे कोणत्या गावची रीत?" अट ऐकल्यापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी उजाडताच भासऱ्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, आणि चहा होता होता त्यांची अशी हाक आली की मला वाटलं साप निघाला. "पाठराखीण कुठी गेली?" डब्याच्या पाठीला नुसता लाल धागा लोंबत होता. मी कपाळावर हात मारला. माझा नवरा पहाटे ट्रॅक्टर घेऊन गेला होता, आणि ट्रॅक्टरवर गाणी नसली तर या माणसाच्यानं नांगर चालत नाही. गाण्यांसाठी पेनड्राइव्ह त्यानंच उपटून नेला होता. फोन लावला तर घेईना. गाणी चालू असल्यावर कसा ऐकू येणार! जन्मात पहिल्यांदा मी भासऱ्यांसमोर नवऱ्याला शिव्या घातल्या आणि भासऱ्यांनी त्यात एकदोन भर घातली. मग ते मोटरसायकलला किक मारून शेताकडे पळाले. वैशू मागून ओरडली, "राहू दे मोठेबाबा, त्यानं एवढं काही होत नाही." पण तिचेही डोळे त्या चाकावरच होते.

अकरा वाजत आले. भासऱ्यांचा पत्ता नाही. ट्रॅक्टर आमच्या शेतातून निघून नाल्यापलीकडे कोणाच्या तरी वावरात गेला होता, हे मागून कळलं. वैशूनं उसना आणलेला कॅमेरा पडद्यावर बसवला, दार लावलं, कडी घातली. मी मागच्या बाजूला खिडकीखाली भिंतीला चिकटून उभी राहिले. आत एका बाईचा आवाज आला. इंग्रजीतून प्रश्न. वैशूनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि तिथंच सगळं अडलं. बाईचा आवाज तुटायला लागला. "हॅलो? हॅलो? आर यू देअर?" वैशू येस मॅडम, येस मॅडम करत होती, पुढचा शब्द फुटेना. यंत्र अडलं होतं की पोरगी, कोण जाणे. गेलं, म्हटलं, रिसोडला फोन जाणार आता. देवा रे, दुसरं काही नको, हिचं तोंड उघड.

तेवढ्यात वांग्याच्या वाफ्यातून भासरे पळत आले. मोटरसायकल लांबच टाकली होती, आवाज नको म्हणून. अंगावर चिखल, धाप लागलेली, मुठीत पेनड्राइव्ह. मी खुणेनं दाराला कडी असल्याचं सांगितलं. ते थेट खिडकीशी बसले आणि गजांमधून हात आत घातला. आता पेनड्राइव्ह कुठला पहिल्या फटक्यात बसतो! सरळ लावला, जाईना. उलटा केला, जाईना. गजावर मनगट घासून सालपट निघालं, तरी काढीनात. पुन्हा सरळ केला आणि तो गेला. आतून टुडुंग असा आवाज आला. पाठोपाठ बाईचा आवाज, एकदम स्पष्ट, एकदम कडक आणि आता मराठीतून. "वैष्णवी, तुम्ही स्क्रीनच्या मागं कोणाकडे बघताय? खोलीत कोण आहे?"

मला वाटलं, आता ही पोरगी कोणी नाही म्हणणार आणि खोटी पडणार. पण वैशूनं एक मोठा श्वास घेतला. "खोलीत कोणी नाही मॅडम. खिडकीबाहेर माझे मोठेबाबा आहेत. माझा कॉम्प्युटर हळू चालतो, म्हणून ते पेनड्राइव्ह लावून राहिलेत." "कॅमेरा फिरवा," बाई म्हणाल्या. वैशूनं कॅमेरा उचलून खिडकीकडे धरला. त्यात काय दिसलं असेल ते तुम्हीच समजा: गजांतून आलेला, चिखलानं भरलेला एक हात. भासऱ्यांना वाटलं, समोर बाईमाणूस आहे, रीत सोडता कामा नये. तो हात एकट्यानंच कपाळाच्या दिशेला उठला आणि गजाला अडला. "नमस्कार म्याडम. मी तिले काही सांगून नाई राह्यलो. मले काही येत बी नाई. हे मशीन एकटं चालत नाई, म्हून त्याले जोड लावून राह्यलो. जातो मी, पोट्टी एकटीच हाये."

मी डोळे मिटून घेतले. बाई हसल्या की रागावल्या, कळलं नाही. पण नंतरचा प्रश्नही मराठीतूनच आला. "पेनड्राइव्हनं कॉम्प्युटर जलद कसा होतो? मला काहीच माहीत नाही असं समजून सांगा." आणि माझी लेक बोलायला लागली! "मॅडम, आमच्या मळ्यात गोदाम लांबच्या टोकाला आहे. खुरपं, दोरी, टोपली रोज तिथून आणायची म्हटलं तर निम्मा दिवस जातो. म्हणून लागणारं सामान आम्ही झोपडीच्या दाराशी एका पाटीत ठेवतो. हार्ड डिस्क म्हणजे ते गोदाम आणि पेनड्राइव्ह म्हणजे दाराशी ठेवलेली पाटी. नेहमी लागणाऱ्या गोष्टींची एक प्रत कॉम्प्युटर तिच्यात ठेवतो. पाटी उचलून नेली तरी गोदामातलं काही हरवत नाही, फक्त काम हळू होतं." बाईंनी विचारलं, "मग सगळे का नाही लावत?" वैशू म्हणाली, "नव्या कॉम्प्युटरची मेमरी भरपूर असते, डिस्कही जलद. त्याला याची गरजच नसते. ही सोबत जुन्यालाच लागते." भासरे खिडकीखाली ओल्या मातीत बसून हे ऐकत होते. मनगटातून रक्त येत होतं ते त्यांना माहीतही नव्हतं. पुढं इंग्रजी सुरू झालं, वैशू धडाधडा उत्तरं देत गेली, आणि मी पदर तोंडात धरून तिथंच रडले.

नोकरी लागली. नवऱ्यानं रिसोडला नकार कळवला आणि वर गावभर सांगत सुटला की पोरगी गुणानं बापावर गेली. पुण्याला जायच्या दिवशी भासऱ्यांनी आपली पिशवी भरून ठेवली होती, पण मुलींच्या होस्टेलात पाठराखीण म्हणून साठीतला बुवा कोण ठेवणार? समजावता समजावता माझा जीव गेला. शेवटी ते मधल्या खोलीत गेले, पेनड्राइव्ह काढून आणला आणि लाल धाग्यासकट वैशूच्या हातात ठेवला. "लावून ठेवजो व बाई."

परवा मी पुण्याला लेकीकडे जाऊन आले. टेबलावर तिचा नवा लॅपटॉप, आणि त्याच्या कुशीला लाल धागा लोंबत होता. "चालतो का गं याच्यानं जोरात?" मी विचारलं. वैशूनं काहीतरी उघडून मला वाचून दाखवलं. हा कॉम्प्युटर पुरेसा वेगवान आहे, या जोडणीचा त्याला काही फायदा होणार नाही, असं तो लॅपटॉप स्वतःच सांगत होता. "मग काढून का नाही ठेवत?" "राहू दे," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून पाणी प्यायला लागली.

घरी आले तर भासरे ओट्यावर वाटच पाहत होते. "लावते का पोट्टी?" "लावते." "मंग जोरात चालत असन?" "लई जोरात चालतो, भाऊजी," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. थोडा वेळ मेथीच्या जुड्या बांधत बसले. मग खालीच पाहून म्हणाले, "नव्याले गरज नसते, वैशूची माय. मले मालूम हाये. आयकलं होतं मी त्या दिवशी खिडकीतून. पण लावते ना? बस."

आमचा जुना डबा आता पुन्हा पहिल्यासारखा हळू चालतो. दुसरा पेनड्राइव्ह आणून देते म्हटलं तर नको म्हणतात. सकाळी बटण दाबतात, पण आता वाफ्याला पाणी द्यायला जात नाहीत की कोंबड्यांना दाणे टाकायला उठत नाहीत. चाक फिरत असतं, आणि भासरे डब्यावर हात ठेवून त्याच्याजवळ बसून असतात. भासऱ्यासमोर बसायची आमच्यात रीत नाही. मी त्यांचा चहा टेबलावर ठेवते, माझा घेते आणि चाक थांबेपर्यंत उंबऱ्यावर बसते.